असाहेलची घोडी आणि कॅप्टनसाहेबांचं शौर्य

अमेरिकेत, ओहायोतल्या कालव्याच्या काठाने असाहेल क्रँडल खेचरं हाकायचा. दोराला बांधलेली नाव मागून सावकाश यायची आणि असाहेल खेचरांशी गप्पा मारायचा. नावेवरच्या माणसांपेक्षा ती बरं ऐकून घेत.

दक्षिणेची राज्यं फुटली, लढाई पेटली, तेव्हा गावाने संघराज्यासाठी तोफखाना उभा केला. म्हणजे माणसं उभी केली, तोफा नव्हत्याच. पियानो विकणारे ल्यूशियस फेनर कॅप्टन झाले. त्यांचा आवाज दणदणीत होता, आणि मेहुणा गव्हर्नरच्या कचेरीत होता. हिवाळाभर गाडीच्या चाकांवर ओंडके बांधून कवायत चालली. साहेब "फायर" म्हणत आणि जवान तोंडाने "धडाम" करत. एकाचा अंगठा चाकाखाली चेंगरला. तोफखान्याचं पहिलं रक्त सांडलं ते असं.

वसंतात खऱ्या तोफा आल्या, घोडे आले. एका तोफेला सहा घोडे जुंपत; त्यातली तोफेलगतची जोडी असाहेलकडे आली. ज्या घोडीवर बसून जोडी हाकायची ती तपकिरी, रुंद पाठीची आणि चावरी होती. त्याने तिला मावशीचं नाव दिलं, जुडिथ. मावशीचाही स्वभाव तसाच होता.

पहिलं वर्ष तोफखाना टेनेसीतल्या चिखलाशी लढला आणि बहुधा हरला. सरकारी बिस्किटं अशी कडक, की जर्मन गोलंदाज कास्पर म्हणायचा, "ही तोफेत भरू या, गोळे आपण कॉफीत बुडवून खाऊ."

मग एका सकाळी मक्याच्या शेतामागच्या टेकडीवर खरी लढाई आली. रानातून बंडखोर निघाले आणि उजवीकडच्या आपल्या पायदळाला एकाएकी घरची आठवण झाली. फेनरसाहेब म्हणाले, "मी पुढची जागा पाहून येतो." पुढची जागा मैलभर मागे होती.

तोफ जोडून निघणार तोच एक गोळा फुटला. पुढचे चारही घोडे पडले, त्यांच्यावरचे दोघं स्वारही. त्यातला एक कालव्यावरचाच, असाहेलच्या ओळखीचा. असाहेलने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

"कास्पर, मेलेल्यांचे पट्टे काप."

"दोन घोड्यांना ओढवेल का रे ही?"

"माहीत नाही. तू चाकाला खांदा लाव."

"आणि तू काय करणार?"

"मी जुडिथला समजावतो."

त्याने काय समजावलं ते कुणाला ऐकू आलं नाही. जुडिथच्या मानेत लोखंडाचा तुकडा घुसला होता, तरी तिने तोफ टेकडीवरून उतरवली आणि ओढ्याच्या उतारापर्यंत नेली. तिथे फेनरसाहेब भेटले, टोपीवर धुळीचा कणही नाही.

"क्रँडल, तोफ धुवायची बादली कुठंय?"

"वर राहिली, साहेब."

"सरकारी माल असा टाकून येतात? आणि ही घोडी जखमी दिसतेय. गोळी घाला तिला."

असाहेल खाली उतरला आणि घोडीच्या तोंडापुढे उभा राहिला. "नाही घालणार, साहेब."

जन्मात पहिल्यांदाच तो वरिष्ठाला नाही म्हणाला होता. कास्पर शांतपणे म्हणाला, "साहेब, जनरल येतायत. तोफ आपण वाचवली हे सांगायचं, तर ती ओढून दाखवायला काहीतरी हवं ना?"

जनरल आले. साहेबांनी तोफ कशी वाचवली ते त्यांना सविस्तर सांगितलं. जुडिथ जगली.

युद्ध संपल्यावर सरकारने घोडे विकायला काढले आणि जुडिथला फेनरसाहेबांनीच घेतलं. ते आता निवडणुकीला उभे होते. तिच्या मानेवरची जखमेची खूण मिरवणुकीत फार शोभायची. "याच घोडीवर बसून मी शत्रूवर चालून गेलो," असं ते गावोगाव सांगत.

स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत चौकात सलामीची तोफ उडाली. बाकीचे घोडे बिथरले. जुडिथ मात्र वळली, गर्दीतून वाट काढत तोफेपाशी गेली, तिच्याकडे पाठ केली आणि जुंपायची वाट पाहत उभी राहिली. साहेबांनी टाचा मारल्या, लगाम खेचला, चाबूक ओढला. ती हलली नाही. गर्दीतून कास्पर ओरडला, "साहेब, बसून राहा, आत्ता तोफ लावतो." चौकभर हशा पिकला.

साहेब उतरले, तेव्हा जुडिथने त्यांच्या दंडाला चावाही घेतला.

संध्याकाळी त्यांचा गडी घोडी घेऊन कालव्यावर असाहेलकडे आला. "साहेब म्हणाले, ही बिघडली आहे, तूच ठेव."

"बिघडलेली तर ती पहिल्यापासूनच आहे," असाहेल म्हणाला आणि दोर धरून तिला खेचरांपाशी घेऊन गेला. गडी गेल्यावर त्याने तिच्या मानेवरच्या खुणेला गाल लावला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

फेनरसाहेब अर्थातच निवडून आले. असाहेलनेही त्यांनाच मत दिलं. आमदार झाला की माणूस राजधानीत राहतो, एवढाच त्याचा हिशेब होता.