शाखांत वर्दळ कमी असते

मी एका बँकेच्या जिल्हा कार्यालयात बीडला काम करतो. जिल्ह्यातल्या सगळ्या बँका आणि सरकारी खाती यांची दर तीन महिन्यांनी एक बैठक होते. तिचं टिपण तयार करायचं, शाखांकडून आलेल्या सूचना एकत्र करायच्या आणि त्या वर पाठवायच्या, हे माझं टेबल. सरकारला एखादा नियम करायचा असला की ते बँकांना विचारतं, तुम्हाला काय सोयीचं? बँका सांगतात. बरेचदा तेच पुढे शासनाचा आदेश होऊन परत आमच्याकडे येतं. नोकरीच्या सुरुवातीला मला याचं फार अप्रूप होतं. ज्याच्या घरात आधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्याने टाइप केलेलं वाक्य मुंबईला जातं, याचं.

मी शिकलो तो आत्यामुळे. दसरा झाला की आमचं गाव ऊस तोडायला जायचं. आईवडील जायचे, शेजारी जायचे, दारांना कुलपं लागायची. आत्या विधवा. एकट्या बाईचा कोयता होत नाही, जोडी लागते, म्हणून ती गावात राहायची आणि गल्लीतली पोरं तिच्याकडे ठेवली जायची. माझ्या वेळी आम्ही सहा जण होतो. गुढीपाडव्यापर्यंत तीच आमची आई. सकाळी अंगणात ओळीने बसवून डोक्याला तेल लावायची आणि म्हणायची, "साळंत न्हाई गेला तर मुकादमाच्या ताब्यात दीन बघ एकेकाला." आम्ही शाळेत जायचो. सहांतले आम्ही दोघं पदवीधर झालो.

पुढे तिला निराधारांचं पेन्शन सुरू झालं. त्यावर तिचं चालायचं आणि ती पोरं ठेवत राहिली. आता ठेवलेल्यांत तिची नातही होती, लेकीची मुलगी.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक पत्र आलं. पेन्शन घेणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा समक्ष पडताळणी करायची आहे, बँकांना कोणता काळ सोयीचा, ते कळवावं. शाखांची उत्तरं मी एकत्र केली. पावसाळ्यात पीककर्जाची गर्दी, मार्चला वर्षअखेर. उरले डिसेंबर आणि जानेवारी. मी लिहिलं, "सदर कालावधीत शाखांत ग्राहकांची वर्दळ कमी असते, सबब हा कालावधी निश्चित करावा." आमचे साहेब म्हणाले, "शाब्बास. मुद्देसूद लिहितोस." बैठकीत वाचलं गेलं, कुणी हरकत घेतली नाही. काही महिन्यांनी आदेश आला, त्यात तेच दोन महिने होते. मी त्याची एक प्रत घरी नेऊन वडिलांना दाखवली.

वर्दळ का कमी असते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी त्याच कुलूपबंद गल्लीत वाढलो होतो. तरी लिहिताना ते मनात आलं नाही. शाखांची उत्तरं समोर होती, मी ती उतरवून काढली.

त्याच वर्षी आत्याच्या सुनेचं बाळंतपण झालं. बाळाला सांभाळायला म्हणून एका हंगामापुरती आत्या त्यांच्याबरोबर कारखान्यावर गेली. पोरं त्या वर्षी नातेवाइकांकडे विखुरली. पाडव्याला ती परत आली तेव्हा पेन्शन बंद झालं होतं. मी बँकेतला म्हणून तिने मला बोलावलं.

"कावून बंद केलं रं माझं?"

"आत्या, पडताळणी होती. तू गावात नव्हतीस."

"कवा होती?"

"पौषात."

"पौषात? आमी तवा कुठं असतो, तुला ठाव न्हाई व्हय? कोण येडं हाय हे ठरवणारं?"

मी सांगितलं नाही. वरून ठरतं, एवढंच म्हणालो.

तिच्या शाखेत गेलो. शाखा दुसऱ्या बँकेची, पण व्यवस्थापक ओळखीचे. त्यांनी संगणक माझ्याकडे वळवून दाखवलं. "हे बघा, पडताळणीचं पान आता उघडतच नाही. डिसेंबरात उघडणार. तेव्हा आमचा माणूस घरी येईल, दिवस सांगता येत नाही, बाई भेटल्या की लगेच सुरू करतो." म्हणजे पेन्शन सुरू व्हायला आत्या पौषात गावात हवी होती आणि पेन्शन नसल्यामुळे दसऱ्यालाच तिला मुलाबरोबर गाव सोडावं लागणार होतं. मधल्या महिन्यांचं मी बघतो, असं मी तिच्या मुलाला म्हणालो. तो माझ्याच वयाचा, आत्याच्या हाताखाली माझ्याबरोबरच वाढलेला.

"माझ्या आईला तू पोसणार? मी मेलो व्हय बे?" तो म्हणाला. "लई साहेब झाला का?"

आत्या आतून म्हणाली, "तू बँकेत हायस ना? मंग बँकेतूनच दे. माझ्या नावाचं हाय ते."

मग एकच वाट उरली, महिना बदलणं. श्रावणातल्या बैठकीसाठी मी सूचना तयार केली. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांसाठी पडताळणी दसऱ्याआधी घ्यावी. या वेळी कारणही नीट लिहिलं. साहेबांनी वाचलं, "बरोबर आहे तुझं" म्हणाले आणि विषय शेवटून दुसरा ठेवला.

तो विषय येईपर्यंत जेवणाची वेळ झाली होती. एका बँकेचे अधिकारी म्हणाले, "पीककर्जाच्या घाईत हे कुठं घालता? शाखेत दोन माणसं आहेत." दुसरे म्हणाले, "डिसेंबर-जानेवारी तर बँकांनीच मागून घेतले ना?" सरकारी बाजूच्या अधिकाऱ्यांनी फाइल चाळली आणि हसले. "बँकांनी काय, तुमच्याच जिल्ह्याने सुचवलेत. हे बघा, वर्दळ कमी असते म्हणे. आता कोणत्या तोंडाने बदला म्हणू?" सगळे हसले. मी साहेबांच्या मागच्या खुर्चीवर टिपण घेत होतो. उभं राहून ते वाक्य माझं आहे, चुकीचं आहे, असं म्हणायला हवं होतं. माझा हात तेवढा हलत राहिला. ठरलं ते लिहिलं, पुढील बैठकीत चर्चा करण्यात यावी.

पुढील बैठक दसऱ्यानंतर होती.

निघायच्या दिवशी मी गावी गेलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, सरपण आणि त्यावर पोरं बसली होती. दर वर्षी मागे राहणारी सगळी या वेळी निघाली होती, कारण त्यांना ठेवणारं कुणी नव्हतं; नातेवाइकांनी एकच हंगाम सांभाळलं होतं. आत्याची नात सातवीत होती. तिने दप्तर मांडीवर घेतलं होतं. मला म्हणाली, "मामा, तिथं साळा असती का?" मी म्हणालो, विचारतो. आत्या चढायच्या आधी माझ्याजवळ आली.

"मिटिंग झाली व्हय तुमची?"

"झाली."

"मंग?"

"पुढच्या मिटिंगला घेणार आहेत."

तिने मान हलवली. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "जेवून जा," म्हणाली, आणि मग स्वतःच्या दाराच्या कुलपाकडे पाहून ट्रॉलीत चढली.

पुढच्या बैठकीत वेळ नसल्यामुळे विषय आला नाही. पौषात पडताळणी झाली. शाखांच्या याद्या माझ्याकडे आल्या. आत्याच्या नावापुढे 'पत्त्यावर आढळल्या नाहीत' असा शेरा होता, आणि तसाच शेरा पानापानांवर होता. सोबत एक छापील नमुना होता. त्यात शेवटचा प्रश्न, मोहिमेचा कालावधी शाखेस सोयीचा होता काय? सगळ्या शाखांनी लिहिलं होतं, होय. नांदूरघाटकडच्या एका शाखेने तर आपणहून जोडलं होतं, गर्दी अजिबात नव्हती.

जिल्ह्याचं एकत्रित उत्तर मलाच भरायचं होतं. खाली अभिप्रायाला मोकळी जागा होती. तिथे मी आमच्या गावाबद्दल चार ओळी लिहिल्या. साहेबांनी त्या वाचल्या आणि म्हणाले, "अरे, हे एका गावाचं झालं. नमुन्यात जिल्ह्याचं विचारलंय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी चार ओळी काढल्या, वर 'होय' टाइप केलं आणि पाठवून दिलं.