पेट्रोल संपलं नव्हतं

"लांब पट्ट्याचीच बर्फगाडी घे, आई. बाबांचं ऐकलंस तर रानात शिरायच्या आत रुतून बसशील," इंगा म्हणाली.

"आणि तुझं ऐकून रोज गुडघे टेकून गाडी हाकेल? गुडघा बघ तिचा." आसलातने तिकडच्या रीतीप्रमाणे कॉफीत चीजचा तुकडा सोडला. "रुंद, जड गाडी हवी. निवांत बसून जाता येईल अशी."

"म्हणजे चारा पोचवायचा आणि घरी यायचं. कळपामागे दुसऱ्यांनी जायचं."

बापलेकीचं भांडण रिस्तिनच्या गाडीवरून चाललं होतं आणि ती मोजे रफू करत बसली होती. सतरा हिवाळे चाललेली तिची बर्फगाडी मागच्या आठवड्यात कायमची बसली. सोळाव्या वर्षी ती रेनडिअरमागे जाऊ लागली, त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली. नवी गाडी चुकली, तर ते जाणं संपलं. रोजची गोठलेल्या तळ्यावरची तीस किलोमीटर वाट, दगडासारखी कडक, मागे चाऱ्याची घसरगाडी. पलीकडे पाइनच्या रानात कंबरभर भुसभुशीत बर्फ. तिथे गाडी अंगाने कलती करूनच वळवावी लागते, आणि जड गाडी कलत नाही.

"गेल्या एप्रिलमध्ये माझी गाडी नेलीस, झालं का काही?" इंगा थांबेना. "झालं ते बाबांचं. भर तळ्यात पेट्रोल संपलं. जन्मभर सरकारी गाडीने रस्त्यावरचा बर्फ लोटला, पण टाकी बघायची सवय नाही. अजून लोक त्यांना विचारतात, पेट्रोलचा डबा देऊ का म्हणून."

आसलात चमच्याने चीज काढून चावत राहिला.

रिस्तिनची सुई थांबली. आसलात एक वाक्य बोलला असता तर भांडण त्याने जिंकलं असतं. वर्षभर तो ते गिळून होता, आणि आज हरतानाही गिळत होता. या माणसाबरोबर आपण तीस वर्षं काढली, हे आपलं भाग्य, असं तिच्या मनात आलं.

"त्याचं पेट्रोल संपलं नव्हतं," ती म्हणाली. "मी तुझी लांब पट्ट्याची गाडी तापवली. कडक वाटेवर पट्ट्याखालून बर्फ उडत नाही, मग इंजिन गार कशाने होणार? बर्फ खरवडणारे दांडे खाली सोडायला मी विसरले. लाल दिवा लागला, बसले तळ्यावर. हा शोधत आला, बर्फ थापून थापून गाडी गार केली. किनाऱ्यावर सगळे उभे होते. मी तोंड उघडायच्या आत याने आपलंच पेट्रोल संपलं म्हणून सांगून टाकलं."

इंगा बापाकडे बघत राहिली. "बाबा, मी किती बोलले तुम्हाला."

"चांगलं बोलतेस," आसलात म्हणाला. "आजीवर गेलीस."

रिस्तिनने दोरा दाताने तोडला.

"मधल्या पट्ट्याची घेणार आहे. इवालो गावातल्या दुकानात आहे, मी बसून बघितली. रानात चालेल, घसरगाडीही ओढेल. दांडे मी आठवणीने सोडीन. शुक्रवारी आणायला जायचं, आणि आसलात बरोबर येईल."