पंपावर ठेवलेला चहा

माझ्या वडिलांनी चेअरमनसाहेबांच्या धोतरावर गरम चहा सांडला होता.

मुद्दाम नाही. पण अगदी चुकूनही नाही.

आज अप्पांना जाऊन वर्ष झालं. डोळे भरून यायला हवेत, आणि मला हेच आठवून हसू येतंय.

अप्पा आमच्या सहकारी साखर कारखान्यात इंजिनिअर. ते साल दुष्काळाचं. तलाव तळाला गेलेला, त्यातून पाणी खेचणारा जुना पंप सारखा बंद पडायचा. कारखाना थांबला तर सभासदांचा ऊस उभ्या उभ्या वाळणार.

चेअरमनना शेजारच्या कारखान्यासारखा दांडगा पंप हवा होता.

"अप्पा, मोठाच घ्या. दुप्पट पाणी वढंल."

"साहेब, तलावात हाय का दुप्पट?"

अप्पा कॅटलॉग बघून पंप घ्यायचेच नाहीत. चालू पंप बघायचा आणि तिथल्या ऑपरेटरशी गप्पा मारायच्या. जावई शोधताना आपण शेजारपाजारी चौकशी करतो, तसं.

मग काय, चेअरमनना जीपमध्ये घातलं आणि थेट शेजारच्या कारखान्यावर नेलं.

तलाव तिथलाही आटलेला. पुरेसं पाणी न मिळाल्यानं दांडगा पंप पोटात खडी भरल्यासारखा खडखडत होता.

अप्पांनी चहाचा भरलेला कप त्याच्यावर ठेवला. "निवांत चालणारा पंप चहा सांडत न्हाई, साहेब. बगा."

साहेब वाकून बघायला लागले. कप थरथरत थरथरत कडेला आला.

पुढचं वर सांगितलंच आहे.

घरी आईनं कपाळाला हात लावला. "आता तुमाला नारळ देतेत बगा."

पण चेअरमनसाहेबांनी धोतर बदललं, मतही बदललं. तलावाला झेपेल असा बेताचा पंप आला आणि शेवटची मोळी गाळेपर्यंत चालला. ऊस वाळला नाही कुणाचा.

हंगाम संपला त्या दिवशी साहेबांनी अप्पांना नारळ दिलाच. शालीसकट. मग सगळ्यांसमोर भरला कप स्वतः पंपावर ठेवला आणि चार हात लांब जाऊन उभे राहिले.

चहा हलला नाही. अप्पांनी तो तिथंच पिऊन टाकला. मला इतका अभिमान वाटला होता त्यांचा.

आता दूध संघासाठी पंप मी निवडते. आज सकाळीच एका प्लांटवर गेले होते. हातातला कप चालू पंपावर ठेवला.

"मॅडम, सांडंल की," ऑपरेटर म्हणाला.

नाही सांडला, अप्पा.

तुमच्या वाटणीचा मीच प्यायले. लई गोड होता, तुम्हाला लागायचा तसा.

निवांत असा.