सात नंबरची जर्सी

पेपरवाल्यांचं पान सहाला बंद होतं. साडेपाचला मी मेमरी कार्ड कॉम्प्युटरला लावून बसले होते आणि मला हवा तो फोटो काही केल्या सापडत नव्हता.

पर्वत पाटियाजवळ माझा छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, बारशी, साखरपुडे यांवर तो चालतो. रविवारी मात्र मी कॅमेरा उचलून मैदानावर जाते आणि तिथले फोटो इथल्या एका गुजराती पेपरला पाठवते. त्यांचा स्वतःचा फोटोग्राफर क्रिकेट सोडून कशाकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणून खो-खो, कबड्डी, कुस्ती माझ्या वाट्याला आली. फोटोखाली बारीक अक्षरात माझं नाव येतं, तेवढ्यावर मी खूश असते.

त्या रविवारी मुलींच्या खो-खोचा अंतिम सामना होता. आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी त्यातल्या एका संघात होती. राज्याच्या शिबिरासाठी तिची निवड झाली होती. वडिलांच्या सहीचा फॉर्म सोमवारी दुपारी बाराच्या आत द्यायचा होता आणि वडील सही करत नव्हते. धुळ्याकडचा माणूस, कापडाच्या लूमवर कामाला. शनिवारी माझ्यासमोरच म्हणाले, "वैनी, पोर म्हनस खेळाले जास. कोठे जास, देव जाने. पेपरमा फोटू उना तं मानसू. मंग सही करसू."

पोरीनं घरात आणलेल्या मेडलांवर यांचा विश्वास नाही, पेपरवर आहे! मला असा संताप आला की तोंडातून निघूनच गेलं, "सोमवारच्या पेपरात बघा मग."

बोलून बसले आणि आता फोटो नव्हता. दोनशेच्या वर काढले होते. एकात तिचे डोळे मिटलेले, एकात मधे पंच आलेला, तीन-चार हललेले. एकच स्वच्छ होता, रांगेत बसून खो मिळायची वाट बघतानाचा. चेहरा अगदी लख्ख. घाईत तोच वॉट्सअॅपवर टाकला. दोन मिनिटांत पेपरच्या डेस्कवरच्या भाईंचा फोन.

"बेन, आ तो बेठेली छे. एक्शन मोकलो नी. ने वॉट्सअॅप पर नय चाले, छापवामां फाटी जाय. ओरिजिनल मेल करो. एक ज फोटो, छ पेला."

बसलेली मुलगी त्यांना नको होती; खेळतानाचा एकच फोटो, तोही मूळ फाइल, सहाच्या आत मेलनं हवा होता. मी चडफडत परत कार्ड उघडलं आणि तेव्हा तो दिसला. एका मुलीनं सूर मारलाय, अंग जमिनीला समांतर, पुढच्या पळणारीच्या टाचेला बोटं लागतायत, धूळ उडालीय. केस तोंडावर आल्यामुळे चेहरा दिसत नाही, पण पाठीवर सात नंबर ठळक. सामन्याआधी मी दोन्ही संघांच्या याद्यांचा फोटो काढून ठेवते आणि नंतर नंबर बघून नाव लावते. यादी पाहिली. सात नंबर म्हणजे आमचीच पोर. मी खुर्चीत टुणकन उडालेच.

खांब जरा तिरका दिसत होता, तो सरळ करायला फोटो मोठा केला. डाव्या कोपऱ्यात, रेषेबाहेर, बाक होतं. बाकावर शाळेच्या पांढऱ्या शर्टात, पाण्याची बाटली तोंडाला लावून आमची पोर बसली होती.

मी तिला फोन लावला. "अगं, सूर मारलेली ही सात नंबर कोण?"

"ती राखीव आहे, काकू. आपल्याकडे नऊच जर्सी आहेत ना, बाहेर येणारी आत जाणारीला काढून देते." मग म्हणाली, "काकू, माझा एकपण नाही आला का?"

नंतर करते म्हणून मी फोन ठेवला. सहाला दहा मिनिटं होती. मी उठून दारापर्यंत गेले, परत आले. चेहरा दिसत नाही, असं स्वतःला दोनदा सांगितलं. नंबर तिचाच आहे, हेही सांगितलं. मग फोटोची चौकट डावीकडून आत ओढली. बाक गेलं, बाटली गेली, पोरगी गेली. खाली नाव लिहिलं, आमच्या पोरीचं, वडिलांच्या नावासकट, आणि मेल पाठवला. फाइल जड होती. ती निळी पट्टी सरकत असताना मला एकच भीती होती, की सहाच्या आत जाणार नाही. खोटं पाठवतेय याची भीती तेव्हा वाटली नाही, हे लिहायला आज लाज वाटते.

पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी डेस्कवरून उत्तर आलं, "मस्त फोटो, बेन."

सोमवारी सकाळी वडील पेपर घेऊन वर आले. गुजराती अक्षरं जोडत जोडत त्यांनी लेकीचं आणि स्वतःचं नाव मला वाचून दाखवलं. "देखा का वैनी, मनी पोर! काय उडी मारी तिनी!" त्यांचे डोळे भरले होते. सही सकाळीच झाली होती. मागे जिन्यात पोर उभी होती, फॉर्म छातीशी धरून. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी स्टुडिओत एक मुलगी आली. बारीक चणीची, कोपराला खरचटलेलं, त्यावर हळद. हातात घडी केलेला पेपर होता. ती काय बोलणार हे मला कळलं आणि मी उगाच टेबलावरचे पाकिटांचे गठ्ठे नीट करू लागले.

"काकू, हा फोटो तुम्हीच काढला ना?"

"हो."

"तिच्या पप्पांनी सही केली का?"

"केली."

"मग बरं झालं," ती म्हणाली. खरंच बरं वाटल्यासारखं म्हणाली. तिनं मला चार शब्द सुनावले असते तर मी ऐकून घेतले असते, वर माफीही मागितली असती. तिनं पेपर टेबलावर उघडला, हातानं सपाट केला आणि फोटोखालच्या ओळीवर बोट आडवं धरलं.

"मला एक कॉपी द्याल? नुसता फोटो. खालचं नाव नको."

मी कॉम्प्युटर सुरू केला. ती शेजारी उभी राहून वाट बघत होती. तिचं नाव काय, हे मी अजून कोणालाच विचारलं नव्हतं.