आमच्या हरभऱ्यातला विषाणू

“विषाणू जिता असतो का मेलेला?” आज बाबांनी विचारलं. घरातली पहिली पदवीधर मी, पण मला सांगता आलं नाही. तुम्हाला येईल?

लोहा गावाजवळच्या आमच्या हरभऱ्यावर घाटेअळी आली होती. अळी मारणारा विषाणू फवारून बघायला बाबांनी मला बांधालगतचा तुकडा दिला; तो फसला तर सगळीकडे रासायनिक औषध. उन्हानं तो निकामी होऊ नये म्हणून मी द्रावणात नीळ मिसळली, तर म्हणाले, “फवारायलीस का धोतर धुवायलीस?”

आज अळ्या शेंड्यांना मरून उलट्या लटकलेल्या दिसल्या. मी समजावलं, पानासोबत विषाणू पोटात जातो, त्याचं प्रथिनाचं कवच विरघळतं आणि अळीच्याच पेशी त्याच्या प्रती काढत बसतात.

“म्हंजे अळीच कारखाना झाली की! शिकलीस बाई.”

मग मेलेल्या अळ्या वाटून, गाळून संध्याकाळी उरलेल्या रानावर आम्ही तेच फवारलं. पंप बाबांच्या पाठीवर होता.