आवाज करणारी किटली

विजेची किटली घ्यायला आलेलं गिऱ्हाईक काय काय विचारतं, हे दुकानदाराला तोंडपाठ होतं. पाणी लवकर उकळतं का, आपोआप बंद होते का, वास तर येत नाही ना. शिवणकाम करणाऱ्या काकूंनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी काउंटरवर पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "यातली सगळ्यात जास्त आवाज करणारी कुठली?"

"काकू, लोक तर आवाज न करणारी मागतात."

"लोकांचं लोकांपाशी. मला वरच्या खोलीतली खाली ऐकू आली पाहिजे."

दुकानदाराला आधी थट्टाच वाटली. पण काकूंनी त्याला एकेक किटली भरून लावायला लावली आणि स्वतः दाराबाहेर जाऊन कान देऊन उभ्या राहिल्या. काचेची होती ती दिसायला देखणी, पण अगदीच घुमी. पांढरी तर उकळली कधी तेही कळलं नाही. शेवटी स्टीलची एक बोजड किटली पुढे आली. ती आधी गुरगुरली, मग खदखदली, आणि तिचं बटण असं खाटकन उडालं की रस्त्याने जाणाऱ्या माणसाने मान वळवून पाहिलं. ही किटली दुकानात किती दिवस धूळ खात पडली होती कोण जाणे. काकूंनी तीच उचलली.

काकू काही चक्रम नव्हत्या. अर्ध्या गल्लीच्या अंगावर त्यांच्या हातची शिलाई होती आणि टाका कधी उसवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. खाली त्या आणि त्यांचं मशीन, वर एक खोली, तिला बाहेरून जिना. नवरा गेल्यावर धाकट्या बहिणीने ती खोली पाहुण्यांना भाड्याने द्यायला लावली. फोनवरची सगळी उठाठेव धाकटी करायची, झाडलोट काकू. पाहुण्यांची किल्ली जिन्याखालच्या छोट्या पेटीत असायची. आकडे जुळवले की पेटी उघडायची. दर पाहुण्यामागे आकडे बदल, असं धाकटीने हजारदा सांगितलं असेल, पण पालथ्या घड्यावर पाणी. ते आकडे म्हणजे काकूंच्या मुलाची जन्मतारीख होती. तो कधी परत आला तर त्याला दार कुणाकडे मागायला लागू नये, एवढंच त्या बाईचं म्हणणं होतं.

मुलगा घर सोडून गेला होता, आणि भांडण निघालं होतं किटलीवरूनच. नवऱ्याचा स्वभाव चिकट. दोन कप चहा हवा तर दोनच कप पाणी. मुलगा मात्र लहानपणापासून किटली काठोकाठ भरणार. "एवढं पाणी कोण पिणार, तुझा बाप?" असं बापच विचारायचा, आणि सगळे हसायचे. एके दिवशी कुणी हसलं नाही. शब्दाने शब्द वाढला आणि मुलगा पिशवी घेऊन निघाला. सुरुवातीला आईला चोरून फोन करायचा. पुढे तेही थांबलं. नंबर लावला की तो बंद असल्याचं ऐकू यायचं, तरी काकू लावायच्या. बाप गेल्याचं त्याला कळलं की नाही, देव जाणे.

आणि मग वरच्या खोलीत ते सुरू झालं. मुलगा लहान असताना वाफेने त्याचं मनगट भाजलं होतं. तेव्हापासून घरात नियम पडला की किटलीचं तोंड भिंतीकडे. पाहुण्यांना हा नियम कोण सांगणार? ते किटली हवी तशी ठेवायचे, आणि काकूही आवरताना तिचं तोंड खोलीकडे करायच्या, तशी ती बरी दिसते म्हणून. तरी खोली रिकामी असताना वर गेल्या, की किटलीचं तोंड भिंतीकडे. हात लावला तर कोमट.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपणच ठेवली असेल. दुसऱ्यांदा त्या पलंगावर बसूनच राहिल्या. ती सवय जगात तिघांनाच. एक त्या स्वतः, एक मेलेला, आणि एक हरवलेला.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," धाकटी म्हणाली. "अगं ताई, तूच ठेवतेस आणि तूच विसरतेस. नाहीतर कुणी जुना पाहुणा आकडे पाठ करून आत घुसतोय. मी कुलूपवाल्याला बोलावलंय. पेटीही जाईल, आकडेही जातील."

काकूंच्या मनात दुसरंच होतं. तो मुलगाच असेल तर? आईला तोंड दाखवायची लाज वाटून तो नुसता चहा पिऊन जात असेल, तर त्याच्या तोंडावर आपल्याच हाताने दार लावायचं? म्हणून कुलूपवाला यायच्या आत त्यांना छडा लावायचा होता. जुनी किटली आवाजच करत नव्हती. ही करणार होती. शिवाय काकूंनी किल्लीच्या पेटीभोवती पांढरा दोरा गुंडाळून त्याला नाजूक गाठ मारली. पेटी उघडायची तर दोरा तोडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

दुपारची वेळ होती, लख्ख ऊन. काकू एका पँटचे पाय खालून दुमडत होत्या. वर किटली गुरगुरली.

मशीनचं चाक त्यांनी हाताने थांबवलं. गुरगुर वाढली, खदखद झाली. खिडकीतून जिना समोर दिसत होता आणि जिन्यावर कुणी चढलेलं नव्हतं. काकूंना भीती वाटली नाही, खोटं कशाला बोला. त्यांना इतका आनंद झाला की बोटात टाचणी टोचलेली कळली नाही. 'आला,' त्या मनात म्हणाल्या, 'माझ्या डोळ्याला डोळा लागला असेल तेव्हा चढला असेल.' आणि त्या धावत बाहेर आल्या.

जिन्याखाली त्यांचे पाय थबकले. पेटीभोवतीचा दोरा तसाच होता. गाठही तशीच.

वर खाटकन बटण उडालं.

काकूंनी स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. पलंगावरच्या चादरीला सुरकुती नव्हती. भिंतीकडे तोंड करून किटली वाफ सोडत होती, आणि समोरची भिंत ओली झाली होती. मुलगा नसेल, काकू मनाला सांगत राहिल्या. गेलेला घरधनी असेल. दोनच कप पाणी असेल. त्यांनी झाकण उघडलं.

किटली काठोकाठ भरलेली होती.

दोन कप चहा करून काकू तिथेच जमिनीवर बसल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. धाकटी शोधत वर आली तेव्हा ओट्यावर दोन कप भरलेले होते आणि दोन्ही गार झाले होते. काकूंनी तिला सगळं सांगितलं. यावेळी धाकटीने म्हण काढली नाही.

दुसऱ्या दिवशी कुलूपवाला आला. पेटी काढून त्याने नवी लावली आणि सवयीने विचारलं, "नवे आकडे अजून कुणाला सांगायचेत का?"

"बहिणीला सांग," काकू म्हणाल्या.

"आणि घरातलं कुणी? मागाहून दाराबाहेर अडकून बसतात लोक."

"एक होता. पण त्याला आता किल्ली लागत नाही."

आणि त्या किटली भरायला वर गेल्या.