लिंबाखालची फुंक

मंद्रूपच्या अलीकडं ओढ्याला लागून मेंढक्यांची एक वाडी होती. पंच्याहत्तर साली त्या वाडीत शिवबाईच्या नाकाला मोठा मान होता. डोळे मिटून कोकरू हुंगलं, तरी ते कुठल्या मेंढीचं हे ती सांगते, असं बाया म्हणत. बायांचं काय, त्या देवाचंही वाढवून सांगतात. पण दारूच्या वासाला मात्र शिवबाई कधी चुकली नाही.

बाजाराच्या दिवशी दुपारनंतर ती वाडीच्या तोंडाशी लिंबाखाली बसे. सोबत दहा-बारा आया. मंद्रूपहून पोरं परतली, की ज्याला मिसरूड फुटलं नाही त्यानं शिवबाईपुढं वाकायचं आणि तिच्या तोंडासमोर फुंक मारायची. वास आला तरी पोराला मारायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. एकच विचारायचं, ‘कुनी दिली?’ मग सगळ्यांनी उठून देणाऱ्याच्या दारात जाऊन बसायचं. तो भंडारा उचलून शपथ घेईपर्यंत त्या घरात चूल पेटू द्यायची नाही. भट्टीवाला संगप्पा दीड दिवस टिकला. मग त्याच्या बायकोनंच वैतागून भंडाऱ्याची वाटी त्याच्यापुढं आदळली, आणि पोरांना थेंब देणार नाही अशी आण त्यानं घेतली.

हे सगळं सुरू झालं शिवबाईच्या थोरल्या पोरापायी. सोळा वर्षांचा येडू आदल्या उन्हाळ्यात भट्टीवरून झिंगत येताना वाटेवरच्या विहिरीत पडला. त्याला वर काढलं तेव्हा शिवबाई रडली नाही. बायांनी तिला हलवलं, कवटाळलं, एकीनं तर चिमटासुद्धा काढला. ती आपली त्याच्या पायाचा चिखल पुसत बसली. पुढं ती भाकरी थापायची, पाणी भरायची, कुणी बोललं तर बोलायची. पण हात अंगाखाली दबून बधिर व्हावा, तसा तिचा सगळा जीवच बधिर झाला होता. लोक म्हणाले, बाईनं दुःख पचवलं हो! पचवलं कसलं? तिच्या घशात एक गोष्ट अडकून बसली होती.

तिच्या सासरी दर अवसेला देवापुढं दारूची धार सोडायची रीत. धार घरच्या पुरुषानं सोडायची आणि द्रोणात उरेल ती त्यानंच प्यायची, नाहीतर देवाला पोचत नाही म्हणत. तिचा नवरा बिरप्पा आठ-आठ महिने मेंढरं घेऊन मुलखावर. मग घरचा पुरुष कोण? तर आठ वर्षांचा येडू! पहिल्या खेपेला त्यानं तोंड फिरवलं, तेव्हा शिवबाईनंच नाक दाबून द्रोण त्याच्या ओठाला लावला होता. ‘देवाचं हाय, गिळ,’ म्हणाली होती. पुढं नाक दाबायची गरज उरली नाही. तेराव्या वर्षी पोरगा अवसेची वाट बघू लागला, आणि चौदाव्या वर्षी वाट बघणं सोडून भट्टीवर जाऊ लागला.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. संगप्पा काही संन्यासी नव्हता. पण त्याच्या दारात सगळ्यांच्या पुढं बसलेल्या बाईला पहिला चोर कोण ते ठाऊक होतं, आणि ते तिनं कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. सासूला, राजाबाईला, तिनं एवढंच सांगितलं होतं, ‘त्येनी मुलखावरनं येईस्तोवर धार न्हाय.’ म्हातारी तेव्हापासून धुसफुसत होती.

पौषातली अवस नेमकी बाजाराच्या दिवशी आली. लिंबाखालचं काम आटपत आलं होतं. तेवढ्यात घराकडून शिवबाईचा धाकटा, सात वर्षांचा गुंडा, पळत आला.

‘आये, चल की! आज्जी निवद खायाला बोलावतीया.’

‘ह्यो एकच राह्यलाय बगा,’ शेजारची तानाबाई हसत म्हणाली. ‘फुंक रं गुंडा!’

गुंडाला मोठं झाल्यासारखं वाटलं. त्यानं गाल फुगवले आणि आईच्या तोंडासमोर फुंक मारली.

शिवबाईला वास आला. बाया हसत होत्या. ‘बरं, जा’ म्हणून त्याला वाटेला लावलं असतं, तर कुणाला कळणार होतं? नाक तर तिचं एकटीचं.

‘कुनी दिली?’ तिनं विचारलं.

‘आज्जीनं. देवाची.’

बायांचं हसू थांबलं. तानाबाईनं सावरायला बघितलं, ‘आगं, तीर्थ त्ये! त्येला कोन दारू म्हनतंय?’

‘मी म्हनतीया. येडूला पयली म्याच पाजली, नाक दाबून. हीच, देवाची. उटा, माज्या दारात बसायचं हाय.’

कुणी उठलं नाही. शिवबाई एकटीच गेली आणि आपल्याच दाराला पाठ लावून बसली. थोड्या वेळानं तानाबाई येऊन शेजारी टेकली. मग एकेक करत सगळ्या आल्या.

राजाबाई दारात आली आणि कडाडली, ‘आपल्याच दारात बसतीयास? लोक त्वांडावर थुकतील!’

‘थुकू द्या, आत्याबाई. भंडारा उचला.’

‘आन द्येव कोपला मंजी?’

‘आनि किती कोपायचाय?’

म्हातारी उंबऱ्यावर बसून राहिली. उन्हं उतरली. शेजारच्या चुलींचा धूर दिसू लागला. गुंडाला भूक लागली होती. आई का बसलीय ते त्याला कळलं नव्हतं, पण आपल्या तोंडामुळं बसलीय एवढं कळलं होतं. ओढ्यावर जाऊन तो खळाखळा चुळा भरून आला आणि पुन्हा तिच्यापुढं वाकला. फुंक मारून म्हणाला,

‘आये, गेला का गं वास?’

वास केव्हाच गेला होता. शिवबाईनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ती रडायला लागली. येडूच्या नावानं, मोठ्यानं, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं रडली. राजाबाई भिंतीला धरून उठली आणि भंडाऱ्याची वाटी आणायला आत गेली.